आधी प्रत, मग सफाई: भरलेला फोन आणि रखडणारा लॅपटॉप मोकळा करण्याची क्रमवार रीत

फोनवर 'स्टोरेज फुल' झळकलं की बहुतेक विद्यार्थी तीन गोष्टी करतात, आणि त्याही उलट्या क्रमाने. आधी हाताला लागतील ते फोटो-व्हिडिओ उडवतात. मग कुणीतरी सांगितलं म्हणून एखादं 'क्लीनर' अॅप टाकतात. तरीही फरक पडला नाही की फोन सरळ रीसेट करतात. बॅकअपची आठवण होते ती सगळ्यात शेवटी, जर्नलच्या पानांचे फोटो आणि ग्रुपवर आलेल्या नोट्स गेल्यावर.

त्यामुळे इथे मुख्य मुद्दा क्रमाचा आहे. पुढचे टप्पे अँड्रॉइड फोन आणि विंडोज लॅपटॉप धरून लिहिले आहेत. आयफोन जिथे वेगळा वागतो तिथे तसं सांगितलं आहे. मेनूतली नावं कंपनीगणिक थोडी इकडेतिकडे होतात. नाव सापडलं नाही तर सेटिंग्ज उघडून वरच्या शोधपट्टीत शब्द टाका.

## तयारी

सबमिशनच्या आदल्या रात्री हे काम काढू नका. एक सलग मोकळी दुपार हवी. फोनमध्ये वर्षानुवर्षांचे फोटो असतील तर नुसती कॉपी व्हायलाच बराच वेळ जातो.

हाताशी काय हवं:

- बाहेरची हार्ड डिस्क किंवा मोठा पेन ड्राइव्ह. फोनमध्ये जेवढी जागा वापरलेली दिसते त्याहून जास्त मोकळी जागा त्यात असावी. १२८ जीबी छापलेला पेन ड्राइव्ह विंडोजमध्ये साधारण ११९ जीबी दाखवतो. मोजायची पद्धत वेगळी असते, त्यात फसवणूक नाही. तेवढं गृहीत धरूनच हिशेब करा.
- डेटा वाहणारी केबल. काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात. फोन लॅपटॉपला जोडून वरची सूचनापट्टी खाली ओढा. तिथे यूएसबीची सूचना येऊन 'फाइल ट्रान्सफर' हा पर्याय दिसायला हवा. फोन चार्ज होतोय पण सूचनाच येत नाही, तर ड्रायव्हर शोधत बसण्याआधी केबल बदलून पाहा.
- कागद आणि पेन. कशासाठी, ते टप्पा २ मध्ये येईल.

दोन्ही यंत्रं चार्जरला लावा आणि लॅपटॉपचं स्लीप मोड तेवढ्यापुरतं बंद करा. झाकण मिटलं, लॅपटॉप झोपला आणि कॉपी अर्ध्यावर तुटली, हे नेहमीचं आहे.

इशारा: सी ड्राइव्हवरचं उचलून डी ड्राइव्हवर टाकणं म्हणजे बॅकअप नव्हे. बहुतेक लॅपटॉपमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात, लॅपटॉप चोरीला गेला तरी दोन्ही जातात.

## टप्पा १: जागा कोण खातंय ते पाहा

या टप्प्यात काहीही डिलीट करायचं नाही.

फोनच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज' उघडा. फोटो, व्हिडिओ, अॅप, कागदपत्रं असा वाटा दिसेल. अॅपच्या यादीत शिरून ती आकारानुसार लावा. नजर आपोआप फोटोंकडे जाते, पण बहुतेक विद्यार्थ्यांच्या फोनमध्ये खरे खादाड दुसरेच निघतात: व्हॉट्सअॅप, टेलिग्राम, आणि व्हिडिओ-संगीताच्या अॅपमध्ये 'ऑफलाइन' म्हणून उतरवून ठेवलेला ऐवज. एक सेमिस्टरभर पाहिलेली लेक्चरं अजूनही तशीच पडून असतात आणि फोटोंच्या खात्यात ती दिसतच नाहीत.

लॅपटॉपवर सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज असं जा. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'जनरल'खाली 'स्टोरेज' आहे.

आता क्लाउड. गुगल खात्याला मोफत मिळणारे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून असतात. १ जून २०२१ पासून 'हाय क्वालिटी'मध्ये चढवलेले फोटोही त्यात मोजले जातात, आणि आता अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअॅपचा बॅकअपसुद्धा. अॅपलच्या आयक्लाउडमध्ये मोफत जागा ५ जीबीच आहे. गुगलची जागा पूर्ण भरली की मेल येणं-जाणंही अडतं. सरांनी पाठवलेला मेल 'मिळालाच नाही' यामागे कधीकधी एवढंच कारण असतं.

तपासा: सर्वांत जास्त जागा खाणाऱ्या पाच गोष्टी आणि त्यांचे आकार कागदावर लिहून काढा. सफाई त्याच पाचांची करायची. उरलेल्या चाळीस अॅपमागे दुपार घालवून हाती फारसं लागत नाही.

## टप्पा २: किल्ल्या आधी ताब्यात घ्या

हा टप्पा लोक सर्रास गाळतात आणि मग आपल्याच खात्याच्या दाराबाहेर उभे राहतात. रीसेट करणार नसाल तरी हे करा. फोन आज ना उद्या पडतो, भिजतो किंवा हरवतो.

१. मुख्य मेल खात्यात जाऊन रिकव्हरीचा मोबाइल नंबर आणि दुसरा मेल पाहा. दहावीत असताना टाकलेला, आता बंद पडलेला नंबर तिथे असण्याची दाट शक्यता आहे. आत्ताच बदला.

२. टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणं) चालू असेल तर बॅकअप कोड काढा. गुगल आठ-आठ अंकांचे दहा कोड देतं; प्रत्येक कोड एकदाच चालतो आणि नवा संच काढला की जुना रद्द होतो. हे कोड कागदावर उतरवा. पुष्कळ जण त्यांचा स्क्रीनशॉट काढून त्याच फोनमध्ये ठेवतात. फोन गेला की कोडही गेले, मग ते काढले कशासाठी?

३. ऑथेंटिकेटर अॅप (लॉगिनचे तात्पुरते कोड तयार करणारं अॅप) वापरत असाल तर त्यातले कोड कुठे साठतात ते बघा. गुगल ऑथेंटिकेटरमध्ये खात्याशी सिंक करण्याची, म्हणजे कोड खात्यातही आपोआप ठेवण्याची, सोय एप्रिल २०२३ मध्ये आली. सिंक बंद असेल तर कोड फक्त त्या फोनपुरते राहतात आणि रीसेटसोबत पुसले जातात. सिंक चालू करा किंवा 'ट्रान्सफर अकाउंट्स'मधून क्यूआर कोड काढून ते दुसऱ्या फोनवर घ्या.

४. लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते सेटिंग्जमध्ये शोधा. पुष्कळ नव्या लॅपटॉपवर ते आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला पत्ता नसतो. एखाद्या बायॉस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटनंतर निळी स्क्रीन येते आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आत्ता तिथे जाऊन पाहा आणि उतरवून घ्या. लॅपटॉप कॉलेजच्या खात्याने सुरू केला असेल तर ती कॉलेजच्या आयटी विभागाकडे असू शकते.

तपासा: फोन बाजूला ठेवा, लॅपटॉपवर ब्राउझरची खाजगी खिडकी उघडा आणि मेलमध्ये शिरून दाखवा, पासवर्ड आणि कागदावरचा एक कोड वापरून. वापरलेला कोड लगेच खोडा. जमलं नाही तर इथेच थांबा, पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: प्रत काढा

बहुतेकांचं घोडं इथे पेंड खातं, कारण सिंक आणि बॅकअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कुणी सांगितलेलं नसतं. सिंक म्हणजे इथे जे होईल तेच तिथे. इथे फोटो पुसला की तिथलाही पुसला जातो. बॅकअप म्हणजे इथे काहीही झालं तरी जागची न हलणारी प्रत. गुगल फोटोजमध्ये चढलेला फोटो तुम्ही अॅपमधून नेहमीसारखा डिलीट केलात तर तो क्लाउडवरूनही जातो. आयक्लाउड फोटोजचंही तसंच. 'क्लाउडवर आहे की, मग फोनवरचा उडवू' या हिशेबात कित्येकांचे फोटो गेले आहेत. म्हणून बाहेरच्या डिस्कवर एक प्रत हवीच.

फोटो आणि व्हिडिओ. फोन केबलने जोडा, 'फाइल ट्रान्सफर' निवडा आणि लॅपटॉपवर फोनचं फोल्डर उघडा. कॅमेऱ्याचे फोटो 'डीसीआयएम'मध्ये असतात, स्क्रीनशॉट बहुधा 'पिक्चर्स'मध्ये, आणि उतरवलेल्या पीडीएफ 'डाउनलोड'मध्ये. एकेक फोल्डर कॉपी करा. कट करू नका. कट करताना केबल हलली तर काही फाइली इकडे, काही तिकडे आणि एखादी कुठेच नाही, अशी गत होते. सगळा फोन एका दमात ओढायलाही जाऊ नका. हजारो फाइली असल्या की जोडणी मध्येच तुटते आणि कुठवर आलो होतो ते कळत नाही.

आयफोन विंडोजला जोडला असता कॉपी मध्येच तुटून 'डिव्हाइस अनरीचेबल' असं येत असेल तर आयफोनच्या सेटिंग्जमध्ये 'फोटोज' उघडा, तळाशी 'ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी' आहे, तिथे 'कीप ओरिजिनल्स' निवडा. आणि 'ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज' चालू असेल तर पूर्ण आकाराचे फोटो फोनमध्ये असतीलच असं नाही. ते आयक्लाउडच्या वेबसाइटवरून उतरवावे लागतात.

व्हॉट्सअॅप. दोन कामं करायची. पहिलं, अॅपच्या सेटिंग्जमध्ये 'चॅट्स', मग 'चॅट बॅकअप'. तिथे हाताने बॅकअप घ्या आणि व्हिडिओही हवेत की नाही ते ठरवा. दुसरं, ग्रुपवर आलेल्या नोट्सच्या फाइली वेगळ्या कॉपी करा. अँड्रॉइडवर त्या 'अँड्रॉइड' फोल्डरच्या आतल्या 'मीडिया'त व्हॉट्सअॅपच्या नावाखाली 'डॉक्युमेंट्स'मध्ये सापडतात. पुसलेली जुनी पीडीएफ चॅटमधून पुन्हा उतरेलच याची खात्री नसते. मग पाठवणाऱ्याच्या मागे लागावं लागतं, आणि त्याच्याकडेही ती राहिलेली नसते.

इशारा: बॅकअप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (फक्त तुमच्याच किल्लीने उघडेल असा कुलूपबंद) केला असेल तर त्याचा पासवर्ड किंवा ६४ अंकी की विसरलात की तो कुणालाही उघडता येत नाही, व्हॉट्सअॅपलाही नाही. टप्पा २ च्या कागदावर तीही लिहा. आणि बॅकअप ज्या नंबरवर घेतला त्याच नंबरवर परत येतो. सिम बदलणार असाल तर आधी अॅपमधल्या 'चेंज नंबर'ने नवा नंबर लावा, मग बॅकअप घ्या.

कॉलेजच्या खात्यातल्या फाइली. शेवटच्या वर्षाला असाल तर हे आजच करा. संस्थेने दिलेलं खातं संस्था बंद करू शकते, आणि त्यासोबत त्यातला ड्राइव्हही जातो. संस्थेने परवानगी ठेवली असेल तर 'गुगल टेकआउट'मधून सगळं एकत्र उतरवता येतं. तयार झालेली फाइल साधारण सात दिवसच उपलब्ध असते, तेव्हा लिंक आली की लगेच उतरवा. ग्रुप प्रोजेक्टची फाइल दुसऱ्याच्या ड्राइव्हवर असेल तर 'मेक अ कॉपी' करून आपली प्रत काढा. 'शेअर्ड विथ मी'मध्ये दिसते म्हणून ती आपली होत नाही. मालकाने कायमची पुसली की तुमच्याकडूनही गेली.

पेन ड्राइव्हवर मोठी फाइल जात नसेल तर: जागा भरपूर असूनही 'फाइल फार मोठी आहे' अशी तक्रार आली, तर पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. त्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल मावत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की अडचण सुटते आणि तो विंडोज व मॅक दोन्हींवर चालतो. फॉरमॅट केल्याने आतलं सगळं पुसलं जातं, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

काम झालं की 'इजेक्ट' करूनच डिस्क काढा. पडद्यावरची पट्टी संपली तरी शेवटचं काही लिहिणं मागे चालू असू शकतं. 'डिव्हाइस वापरात आहे' असं आलं तर त्या डिस्कवरची एखादी फाइल कुठेतरी उघडी आहे. ती बंद करा. तरी ऐकत नसेल तर लॅपटॉप शट डाउन करून मग काढा.

## टप्पा ४: प्रत खरंच झाली का?

पाच-दहा मिनिटांचं काम, पण हे न करता पुढे गेलात तर मागचा टप्पा केला न केला सारखाच.

- फोनवरच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' पाहा, मग डिस्कवरच्या फोल्डरच्या. फाइलींची संख्या जुळली पाहिजे. पाच-सात लपलेल्या फाइलींचा फरक चालेल, दोनशेंचा नाही.
- सर्वांत जुना एक फोटो, मधला एक आणि कालचा एक उघडा. नुसती लघुप्रतिमा पाहून समाधान मानू नका, पूर्ण उघडून बघा.
- एक मोठा व्हिडिओ उघडून त्याच्या शेवटच्या मिनिटावर जा. अर्धवट कॉपी झालेला व्हिडिओ सुरुवातीला छान चालतो.
- डिस्क दुसऱ्या कुठल्यातरी कॉम्प्युटरला लावून पाहा. मित्राचा लॅपटॉप चालेल.

प्रोजेक्ट रिपोर्ट किंवा प्रबंध यांसारख्या, गेल्या तर वर्ष बुडेल अशा फाइलींना एक प्रत पुरत नाही. जुना नियम चांगला आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक वेगळ्या जागी. लॅपटॉप आणि डिस्क दोन्ही एकाच सॅकमध्ये घेऊन फिरलात तर तिसरी प्रत क्लाउडवर हवीच.

## टप्पा ५: फोनची सफाई

टप्पा १ चा कागद समोर ठेवा आणि मोठ्याकडून लहानाकडे या.

१. ऑफलाइन उतरवलेलं. व्हिडिओ-संगीताच्या अॅपमधले डाउनलोड त्या त्या अॅपमध्ये जाऊनच काढा. पुन्हा हवं तेव्हा उतरवता येतं, त्यामुळे यात गमावण्यासारखं काही नाही. बऱ्याच फोनवर एवढ्यानेच भागतं.

२. टेलिग्राम. 'डेटा अँड स्टोरेज'मधून कॅशे (अॅपने साठवलेल्या तात्पुरत्या फाइली) बिनधास्त रिकामी करा. साध्या चॅटमधल्या फाइली सर्व्हरवर राहतात. फक्त सीक्रेट चॅटला हे लागू नाही.

३. व्हॉट्सअॅप. इथे तसं नाही, फाइल खरोखरच जाते. 'स्टोरेज अँड डेटा'मध्ये 'मॅनेज स्टोरेज' उघडा. वरती दोन गठ्ठे दिसतील: अनेकदा फॉरवर्ड झालेलं आणि ५ एमबीहून मोठं. फॉरवर्डचा गठ्ठा डोळे झाकून उडवा. मोठ्या फाइलींचा गठ्ठा मात्र डोळे उघडे ठेवून, कारण सुप्रभातचे व्हिडिओ आणि स्कॅन केलेलं अख्खं पुस्तक तिथे शेजारी शेजारी बसलेले असतात.

४. व्हिडिओ. ४के मध्ये ३० फ्रेमने चित्रित केलेलं एक मिनिट, फॉरमॅटनुसार, आयफोनवर साधारण १७० ते ३५० एमबी घेतं. गॅदरिंगचे तीन नाच म्हणजे कित्येक जीबी. फोटो शेकड्यांनी पुसण्यापेक्षा असे दहा व्हिडिओ हलवणं सोपं.

५. फोटो. गुगल फोटोज वापरत असाल तर एकेक डिलीट न करता 'फ्री अप स्पेस' वापरा. ते क्लाउडवर पोहोचलेल्या फोटोंची फक्त फोनवरची प्रत काढतं. त्याआधी बॅकअपचा दर्जा बघा. 'स्टोरेज सेव्हर' (आधीचं 'हाय क्वालिटी') असेल तर क्लाउडवरची प्रत १६ मेगापिक्सेलपर्यंत आणि व्हिडिओ १०८०पीपर्यंत आवळलेले असतात, म्हणजे मूळ दर्जाची प्रत फक्त तुमच्या डिस्कवर उरेल. ती आहे ना? मग हरकत नाही.

६. अॅप. महिनोन्‌महिने न उघडलेली काढा. आयफोनवर 'ऑफलोड' केलं तर अॅप जातं पण त्यातला डेटा राहतो. व्हॉट्सअॅप आणि ऑथेंटिकेटरला या टप्प्यात हात लावायचा नाही.

कॅशेबद्दल एक गैरसमज आहे. एखाद्या अॅपच्या पानावर 'क्लिअर कॅशे' आणि 'क्लिअर डेटा' किंवा 'क्लिअर स्टोरेज' अशी दोन बटणं शेजारी असतात. पहिल्याने तात्पुरत्या फाइली जातात आणि वापर सुरू झाला की पुन्हा जमतात, म्हणजे तो उपाय चार दिवसांचा. दुसऱ्याने अॅप कोरं होतं: लॉगिन, ड्राफ्ट, आत जतन केलेलं सगळं गेलं. घाईत अंगठा भलत्याच बटणावर पडतो.

'क्लीनर' अॅप टाकू नका. ती जे करतात ते फोनच्या सेटिंग्जमध्येच आहे, वर जाहिराती आणि भलत्या परवानग्या फुकट मिळतात.

तपासा: डिलीट करूनही जागा वाढली नाही? पुसलेलं अजून कचरापेटीत आहे. गुगल फोटोजमध्ये क्लाउडवर असलेले फोटो ६० दिवस तिथे राहतात, आयफोनच्या 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये साधारण ३० दिवस. पेटी आज रिकामी करू नका. आठवडाभर जाऊ द्या; काही चुकून गेलं असेल तर तेवढ्यात लक्षात येतं.

## टप्पा ६: लॅपटॉपची सफाई

आधी रीस्टार्ट करून पाहा. शट डाउन नाही, रीस्टार्ट. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन करताना सिस्टिमचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. पटत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स'मध्ये सीपीयूवर जा आणि खाली 'अप टाइम' वाचा. रोज इमानदारीत शट डाउन करणाऱ्याच्या लॅपटॉपवरही तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसतो. रीस्टार्टने तो शून्यावर येतो, आणि अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

मग टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप अॅप्स' उघडा. मीटिंगची, गेमची, संगीताची अॅप लॅपटॉप सुरू होताच उठून बसतात. ती 'डिसेबल' करा. याने अॅप काढलं जात नाही, फक्त न बोलावता येणं बंद होतं. अँटिव्हायरस, आवाज आणि टचपॅड यांच्या नोंदी तशाच ठेवा.

आता जागा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, स्टोरेज, 'टेम्पररी फाइल्स'. हा पडदा सावकाश वाचा. विंडोज अपडेटची उरलीसुरली रद्दी, लघुप्रतिमा, रिसायकल बिन अशा ओळी असतात, आणि त्यांच्यातच एक ओळ असते 'डाउनलोड्स'. तात्पुरत्या फाइलींच्या यादीत तुमचं अख्खं डाउनलोड फोल्डर! 'सगळंच तर टेम्पररी आहे' म्हणून सरसकट खुणा करणाऱ्याची हॉल तिकिटं, असाइनमेंट, 'रिपोर्ट फायनल (३)' सगळं एका क्लिकमध्ये जातं. त्या ओळीपुढे खूण नको. डाउनलोड फोल्डर हाताने उघडा, आकारानुसार लावा, सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉल फाइली काढा आणि कामाच्या फाइली विषयवार फोल्डरांत हलवा.

वनड्राइव्हकडेही बघा. बऱ्याच लॅपटॉपवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हीच फोल्डरं वनड्राइव्हमध्ये गेलेली असतात, म्हणजे ती सिंक होतात. इथून डिलीट केलं की तिथूनही जातं. जागा करायची तर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' निवडा. फाइलीपुढे निळा ढग येईल. त्याचा अर्थ फाइल आता फक्त इंटरनेटवर आहे.

इशारा: व्हायव्हाला किंवा प्रेझेंटेशनला जाण्याआधी लागणाऱ्या फाइलीपुढे निळा ढग नाही ना ते पाहा. असेल तर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करा. हॉलमध्ये वाय-फाय नसलं तर ढगातली फाइल उघडत नाही.

एवढं करूनही लॅपटॉप रखडत असेल तर टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्क्यांवर आहे का बघा. जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कच्या लॅपटॉपवर ती तशी असेल तर कितीही सफाई करा, फरक थोडाच पडणार. तिथे एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवणं हाच खरा इलाज. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे जुन्या यंत्रावर खर्च करण्याआधी ते पुढची आवृत्ती पेलेल का तेही तपासून घ्या.

## टप्पा ७: रीसेट, अगदीच नाइलाज असेल तर

इथवर येऊनही फोन आपोआप बंद पडतोय किंवा अडकतोय, तरच. जागा कमी आहे एवढ्यासाठी रीसेट करू नका.

टप्पा ४ ची तपासणी पुन्हा एकदा करा. कॉपी केल्यानंतरही नवे फोटो आले असतील. मेमरी कार्ड फोननेच एन्क्रिप्ट केलेलं असेल तर आधी डिक्रिप्ट करा, नाहीतर रीसेटनंतर ते वाचता येणार नाही. गुगल खात्याचा पासवर्ड तोंडपाठ हवा: रिकव्हरी मेनूतून रीसेट केलेला फोन सुरू होताना आधीचंच खातं मागतो, आणि ते दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. आयफोनवर 'फाइंड माय' चालू असेल तर असंच कुलूप पडतं. फोन दुसऱ्याला देणार असाल तर सेटिंग्जमधून खातं आधी काढा.

इशारा: नव्याने व्हॉट्सअॅप टाकलं की नंबर पडताळल्यावर लगेच 'रिस्टोअर' विचारतं. त्याआधी फोनवर तेच गुगल खातं जोडलेलं हवं, ज्यावर बॅकअप घेतला होता. घाईत 'स्किप' दाबलं तर नवा बॅकअप होऊ देऊ नका. अॅप काढून पुन्हा टाका आणि पुन्हा त्या प्रश्नापर्यंत या.

## टप्पा ८: पुन्हा भरू नये म्हणून

व्हॉट्सअॅपच्या 'स्टोरेज अँड डेटा'मध्ये 'मीडिया ऑटो-डाउनलोड' बंद करा, निदान व्हिडिओपुरतं. 'चॅट्स'मध्ये 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद केली की ग्रुपवरचा मजकूर गॅलरीत मिसळत नाही. कॅमेरा रोजच्या वापराला १०८०पी वर ठेवा. फळ्याचे फोटो गॅलरीत राहू न देता त्याच दिवशी स्कॅनरच्या अॅपने विषयाच्या नावाची पीडीएफ करा, आणि ती कुणाला पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेलेलं पान आवळलं जातं आणि बारीक अक्षर फुटतं.

महिन्यातून एकदा 'लास्ट बॅकअप'ची तारीख पाहा. ती जुनी दिसली तर दोन संशयित तपासा. एक, बॅकअप 'फक्त वाय-फायवर' असा लावलेला आहे आणि तुम्ही मोबाइल डेटावरच असता. दोन, गुगलचे १५ जीबी भरले आहेत. दुसरं कारण असेल तर फोनमध्ये शोधत बसू नका. जीमेलच्या शोधपट्टीत 'लार्जर:१०एम' हे इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाका, १० एमबीहून मोठे मेल समोर येतील. जुन्या पीपीटी आणि झिप फाइली तिथेच सापडतात. पुसून झालं की जीमेलचा 'ट्रॅश'ही रिकामा करा, नाहीतर ३० दिवस ती जागा अडूनच राहते.